गृहलक्ष्मी, झिरो तिकीट, पेन्शन: घटनेनं दिलेलं की सरकारनं?

उचगावकडचा

नमस्कार मंडळी. बी.ए. झालंय, सध्या पीडीओच्या, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्याच्या परीक्षेची तयारी करायलोय. गावच्या वाचनालयात २६ जानेवारीला "आपली घटना आणि कल्याणकारी राज्य" ह्यावर मला बोलायला लावलंय. ऐकायला बायका जास्त येणार, शेतातनं बाजारातनं दमून आलेल्या, त्यांच्यापुढं नुसते कलमांचे आकडे म्हणून दाखवले तर दुसऱ्या मिनिटाला उठून जातील, आणि त्यांचं बरोबरच आहे. म्हणून आमच्या घरात झालेल्या एका वादापासनं सुरुवात करायची म्हणतोय, पण त्या वादाचं उत्तर मलाच धड देता येत नाही.

आईला कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मीचे महिन्याला २००० रुपये येतात. मावशीला शिनोळीला दिलीय, म्हणजे आमच्या बेळगावकडचं बाची गाव संपलं की लगेच, पण तो चंदगड तालुका, महाराष्ट्र, त्यामुळं तिला लाडकी बहीणचे १५००. बाचीवरनं दोघी कर्नाटकाच्या एकाच बसमध्ये चढल्या तरी आईला झिरो तिकीट, म्हणजे फुकटचं, मिळतं, मावशीच्या आधारवर महाराष्ट्राचा पत्ता असल्यामुळं तिला पूर्ण तिकीट काढावं लागतं. सणाला घरात सगळे जमल्यावर ह्यावरनं विषय निघाला. बाबा म्हणाले, सरकार देतंय तोवर घ्यायचं, उद्या बंद केलं तर कुणाला विचारणार? आई म्हणाली, का म्हणून नाही विचारणार, हक्काचं आहे ते.

तर मला एवढंच पाहिजे की आईचं बरोबर का बाबांचं? घटनेत हे कुठं बसतं, आणि घटना सगळ्या देशाला एकच असताना बाचीला एक आणि शिनोळीला एक असं कसं काय? पुस्तकात "मार्गदर्शक तत्त्वं न्यायप्रविष्ट नाहीत" एवढं एक वाक्य दिलंय आणि पुढचा धडा सुरू. कुणी नीट सांगेल काय?

कोर्टगल्ली

भावा, मी बेळगाव कोर्टात प्रॅक्टिस करतो, विषय माझ्या आवडीचा आहे, त्यामुळं लांबलं तर सांभाळून घे.

आधी तुझ्या आईच्या बाजूनं बोलतो, कारण बाबांचं म्हणणं आपल्याकडं जो तो म्हणतो आणि मला तेच खटकतं. घटनेचा चौथा भाग काढ, कलम ३६ ते ५१, हीच ती मार्गदर्शक तत्त्वं. त्यातलं ३८ वं कलम सांगतं की राज्यानं (इथं राज्य म्हणजे केंद्र काय आणि राज्य काय, सगळीच सरकारं) लोकांचं कल्याण साधायला झटलं पाहिजे आणि अशी समाजव्यवस्था आणली पाहिजे की जिच्यात सामाजिक, आर्थिक आणि राजकीय न्याय राष्ट्रीय जीवनाच्या सगळ्या संस्थांत दिसेल. १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीनं त्यात उत्पन्नातली विषमता कमी करायचीही भर घातली. पण सभेत तू ३८ वर फार थांबू नको. त्याच्या पुढची कलमं घे, कारण तिथं प्रत्येक कलमात कोणीतरी माणूस उभा आहे बघ. ३९ मध्ये बाई आहे, पुरुषाइतकंच तिलाही पोटापाण्याचं साधन पाहिजे आणि सारख्या कामाला सारखा पगार पाहिजे. ४१ मध्ये म्हातारा आहे, आजारी आहे, अपंग आहे, हाताला काम नसलेला आहे. ४२ मध्ये बाळंतीण. ४३ मध्ये मजूर, त्याला नुसतं जगण्यापुरतं नाही तर माणसासारखं जगता येईल एवढं वेतन. ४५ मध्ये लहान पोर, ४६ मध्ये अनुसूचित जाती-जमातीचा आणि इतर दुबळा वर्ग, ४७ मध्ये ज्याला पुरेसं पोषण मिळत नाही तो. तुझ्यासमोर बसलेल्या बायकांमधली कुठलीही बाई घे, ती ह्यातल्या एका तरी कलमात सापडतेच. ही यादी कुठल्या पक्षाच्या जाहीरनाम्यातली नाही, २६ जानेवारी १९५० पासनं ती देशाच्या मुख्य कायद्यात लिहिलेली आहे.

आता कलम ३७, तुझ्या पुस्तकानं अर्धंच सांगितलेलं. न्यायप्रविष्ट नाहीत म्हणजे ह्या तत्त्वांची कोर्टामार्फत बजावणी करता येत नाही, हे खरं. पण त्याच वाक्यात पुढं म्हटलंय की तरीसुद्धा ही तत्त्वं देशाच्या कारभारात मूलभूत आहेत आणि कायदे करताना ती लागू करणं हे राज्याचं कर्तव्य आहे. कर्तव्य म्हटल्यावर मेहरबानी कुठं राहिली?

ही रचना आयर्लंडच्या १९३७ च्या घटनेवरनं घेतलीय आणि घटना समितीत त्यावर जोरात भांडणं झाली. के. टी. शहा म्हणाले की हा बँकेला सवड होईल तेव्हा वटणारा चेक आहे. टी. टी. कृष्णम्माचारी तर ह्याला भावनांची कचराकुंडी म्हणाले. बाबासाहेबांना स्वतःला ह्याहून जास्त पाहिजे होतं, १९४७ साली त्यांनी घटना समितीसाठी जे निवेदन लिहिलं त्यात शेती आणि मोक्याचे उद्योग सरकारच्या मालकीचे असावेत आणि ते घटनेतच लिहून ठेवावं अशी मागणी होती. ती काही मान्य झाली नाही. पण ४ नोव्हेंबर १९४८ ला मसुदा मांडताना ह्या तत्त्वांच्या बाजूनं ते ठामपणानं बोलले: सत्ता कोणाच्याही हातात येऊ दे, त्याला मन मानेल तसं वागता येणार नाही, तत्त्वं मोडली म्हणून कोर्टात नसेल पण निवडणुकीच्या वेळी मतदारांपुढं त्याला उत्तर द्यावंच लागेल. तुझी आई "का म्हणून नाही विचारणार" म्हणाली ते हेच.

आणि कोर्टांनी ह्या तत्त्वांकडं पाठ फिरवली असंही नाही. सुरुवातीला, १९५१ च्या चंपकम दोराईराजन खटल्यात, मूलभूत हक्क वर आणि तत्त्वं खाली असंच म्हटलं होतं. मग १९७३ चा केशवानंद भारती खटला आला, घटनेची मूलभूत चौकट संसदेलाही मोडता येत नाही असं त्यात ठरलं, आणि १९८० ला मिनर्व्हा मिल्सचा, ही आपल्या बंगळूरची कापड गिरणी. त्यात कोर्टानं सांगितलं की मूलभूत हक्क आणि मार्गदर्शक तत्त्वं ह्यांच्यातला समतोल हाच घटनेच्या मूलभूत चौकटीचा भाग आहे, एकाला मारून दुसरं जगवता येणार नाही. त्यानंतर कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्कातनं एकेक तत्त्व कोर्टात यायला लागलं. १९८५ ला मुंबईच्या फूटपाथवर राहणाऱ्यांच्या खटल्यात उपजीविका हा जगण्याचाच भाग आहे म्हणाले. १९९२ ला मोहिनी जैन खटला, तो तर आपल्या कर्नाटकातल्या खाजगी मेडिकल कॉलेजच्या भरमसाट फीवरनं, त्यात आणि पुढच्या वर्षीच्या उन्नीकृष्णन खटल्यात शिक्षण हक्क ठरला, मग २००२ ची ८६ वी दुरुस्ती, कलम २१-अ, आणि २००९ चा शिक्षण हक्क कायदा. मूळच्या ४५ व्या कलमात दहा वर्षांत चौदा वर्षांपर्यंतच्या सगळ्या पोरांना मोफत शिक्षण द्या म्हणून लिहिलं होतं, म्हणजे १९६० पर्यंत. किती उशीर झाला बघ! पण शेवटी झालं.

आता बाबांचं. त्यांची भीती खोटी नाही. सरकार जे देतं ते दोन प्रकारांनी देतं, एक कायदा करून आणि एक आदेश काढून. रेशनचं धान्य २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात आहे, माणशी ५ किलो, अंत्योदयला घरटी ३५ किलो, त्यामुळं दुकानदारानं नाही दिलं तर तक्रार कुठं करायची, वर अपील कुठं करायचं हे त्या कायद्यातच आहे. गृहलक्ष्मी आणि शक्ती (तेच झिरो तिकीट) ह्या २०२३ मध्ये सरकारी आदेशानं आल्या. लाडकी बहीणही २०२४ मध्ये आदेशानंच. आदेश आहे तोवर पात्र बाईला डावललं तर कलम १४ खाली समानतेच्या मुद्द्यावर भांडता येतं, तो तिचा हक्कच आहे. पण उद्या आख्खी योजनाच मागं घेतली तर ती चालूच ठेवा असा हुकूम कोर्टाकडनं मिळणं फार अवघड. कायदाही बदलता येतो म्हणा, पण त्याला सभागृहात विधेयक आणावं लागतं, सगळ्यांसमोर मतदान करावं लागतं. म्हणून माझं सरळ मत आहे, आणि सभेत माझं म्हणूनच सांग: बायकांनी नुसतं "योजना चालू ठेवा" मागू नये, "कायदा करा" मागावं.

बाची-शिनोळीचं दुसऱ्या कुणीतरी लिहा, मला तारखेला जायचंय.

चंदगडी_माणूस

शिनोळीचं नाव निघालं म्हणून लिहितो. सातव्या अनुसूचीत कामांची वाटणी आहे. सार्वजनिक आरोग्य, अपंग आणि काम करू न शकणाऱ्यांना मदत, हे राज्य सूचीत. सामाजिक सुरक्षा, कामगार कल्याण, शिक्षण हे समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही. तत्त्वं सगळ्यांना एकच, पण ती किती आणि कशी पाळायची हे ज्याच्या त्याच्या विधानसभेचं बजेट ठरवणार. म्हणून बाचीला २००० आणि इकडं १५००.

आता ह्याची दुसरी बाजूही बघा. २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारनं महात्मा फुले जन आरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करायचं ठरवलं, म्हणजे कर्नाटकात राहणाऱ्या माणसाच्या ऑपरेशनचा खर्च महाराष्ट्र उचलणार. कर्नाटक सरकारनं त्याला कडक विरोध केला. माझ्या मते घटनेचं कलम २८२ महाराष्ट्राच्या बाजूचं आहे, त्यात म्हटलंय की ज्या विषयावर कायदा करता येत नाही अशाही सार्वजनिक कामासाठी राज्याला अनुदान देता येतं. विरोधात असंही म्हणता येईल की दुसऱ्या राज्याच्या हद्दीत जाऊन योजना राबवणं म्हणजे संघराज्याच्या रचनेत ढवळाढवळ, आणि सीमेचा दावा तर २००४ पासनं सुप्रीम कोर्टात पडून आहे. पण पेशंटच्या बाजूनं बघा की. खानापूरच्या माणसाला हार्टचं ऑपरेशन करायचंय, त्याचा खर्च बंगळूरनं दिला काय आणि मुंबईनं दिला काय, त्याला काय फरक पडतो? कलम ४७ म्हणतं की लोकांचं आरोग्य सुधारणं हे राज्यानं आपल्या प्राथमिक कर्तव्यांपैकी एक मानावं, त्यात कुठल्या बाजूच्या लोकांचं असं काही नाही लिहिलेलं.

उद्यमबाग_फाउंड्री

सगळ्यांचं वाचलं, पण मला काही गोष्टी पटत नाहीत आणि त्या स्पष्ट बोलतो. माझं छोटं युनिट आहे, कास्टिंगचं काम, माणसं कमी आहेत पण सगळ्यांचा पीएफ-ईएसआय वेळेवर भरतो. कलम ४१ नीट वाचा, त्यात "आर्थिक क्षमतेच्या आणि विकासाच्या मर्यादेत" असं स्पष्ट लिहिलंय. कर्नाटकच्या पाच गॅरंटींना, म्हणजे गृहलक्ष्मी, शक्ती असल्या योजनांना, वर्षाला ५०,००० कोटींच्या वर लागतात. हा पैसा आभाळातनं पडत नाही. चौथ्या भागात काम म्हटलंय, शिक्षण म्हटलंय, पोषण म्हटलंय, सरसकट सगळ्यांच्या खात्यावर पैसे टाका असं कुठं म्हटलंय? मला दोन वर्षं झाली चांगला मोल्डर मिळत नाही, आयटीआयमध्ये पोरांना जुन्या मशीनवर शिकवतात, रस्त्यात खड्डे आहेत. कल्याण करायचं तर आधी तिथं करा. म्हातारे, अपंग, विधवा ह्यांना द्या, दुप्पट द्या, माझी काही हरकत नाही, पण धडधाकट माणसाच्या घरात कशाला?

निपाणीची

उद्यमबागचे दादा, तुमच्या आयटीआयच्या मुद्द्याशी मी शंभर टक्के सहमत. पण "धडधाकट माणसाच्या घरात" ह्यावर मला बोलायचंय.

मी बिडी वळणाऱ्या बाईची मुलगी. आई घरीच वळायची, मांडीवर सूप, एका बाजूला तंबाखू, भिजवून फडक्यात गुंडाळलेली पानं, पत्र्याचा फर्मा ठेवून पानं कापायची, वळायची, दोऱ्यानं बांधायची. मजुरी हजारावर. संध्याकाळी मोजून द्यायला गेलं की छाटणी व्हायची, ह्या वाकड्या, ह्या ढिल्या, म्हणून बाजूला काढायचे, त्याचे पैसे नाहीत आणि त्या बिड्याही परत नाहीत. बाबा धडधाकटच होते, वखारीत हमाली करायचे, पण घरात पैसा आईच्या हातात कधीच नसायचा, ती वळायची दिवसभर आणि मजुरी घ्यायला जायचे बाबा. अशा घरात बाईच्या स्वतःच्या नावावर, स्वतःच्या खात्यावर काहीतरी येणं म्हणजे काय, ते मला विचारा. कलम ३९ मध्ये "स्त्री आणि पुरुष दोघांनाही" असं मुद्दाम लिहिलंय ना, ते कशाला लिहिलंय?

आणि दुसरी गोष्ट, कलम ४२ आणि ४३ आमच्या घरात कसं आलं ते सांगते, उचगावच्या भावाला सभेत उपयोगी पडेल. १९६६ ला बिडी कामगारांसाठी वेगळा कायदा झाला, घरी बसून वळणारी बाईसुद्धा कामगारच, असं त्यात धरलं. मालक लोक कोर्टात गेले, मंगळूरच्या एका बिडी कारखान्याच्या नावानं खटला आहे, सुप्रीम कोर्टानं १९७४ ला कायदा वैध ठरवला. १९७६ ला कल्याण निधीचा कायदा आला, बिडीवर सेस बसवून त्यातनं दवाखाना, घरासाठी मदत आणि पोरांना स्कॉलरशिप. त्यासाठी बिडी कामगाराचं ओळखपत्र लागायचं. आईचं ओळखपत्र काढायला जाम त्रास झाला, कारण ज्याच्यासाठी ती वळायची तो आमच्याकडं वळते म्हणून सहीच करून द्यायला तयार नव्हता, सही दिली की पीएफ मागं लागेल म्हणून. युनियनच्या बायका घोळका करून त्याच्या दारात जाऊन बसल्या तेव्हा सही झाली. त्या कार्डावर मला दहावीपर्यंत स्कॉलरशिप मिळाली आणि मी पीयूसीला, म्हणजे अकरावीला गेले. २०१७ ला जीएसटी आल्यावर तो सेसच गेला. पुढं योजनेचा पैसा सरकारच्या बजेटमधनं येणार, म्हणजे कोर्टगल्लीचे वकीलसाहेब म्हणालेत तेच, हक्काचा म्हणून वेगळा काढलेला पैसा राहिला नाही.

आमच्या निपाणीत तंबाखूच्या भावासाठी १९८१ ला शरद जोशींच्या आंदोलनात शेतकऱ्यांनी पुणे-बंगळूर रस्ता अडवला होता, गोळीबार झाला, माणसं गेली. त्याआधी १९२५ ला इथंच बहिष्कृत परिषद भरली होती, बाबासाहेब आले होते. आमच्या गावात घटना ही दिल्लीत लिहिलेली वाटतच नाही मला. घटनेत लिहिलं होतं म्हणून कायदा झाला आणि बायका दारात जाऊन बसल्या म्हणून तो कायदा आमच्या घरात आला, माझी तरी ही खात्री आहे.

कोर्टगल्ली

ताई, तुमचं हे सभेत वाचूनच दाखवायला पाहिजे.

फाउंड्रीवाल्या साहेबांच्या मुद्द्यावर थोडं. तुमचा प्रश्न कोर्टातही गेलेला आहे. तमिळनाडूत टीव्ही, मिक्सर वाटले त्यावर २०१३ चा निकाल आहे, सुब्रमण्यम बालाजी खटला. कोर्ट म्हणालं की जाहीरनाम्यातली अशी आश्वासनं हा निवडणूक कायद्यानं भ्रष्ट मार्ग ठरत नाही आणि पैसा कुठल्या कल्याणावर खर्च करायचा हे सरकारनं मार्गदर्शक तत्त्वं डोळ्यांपुढं ठेवून ठरवायचं. २०२२ मध्ये तो निकाल परत तपासायला तीन न्यायाधीशांच्या खंडपीठाकडं पाठवला. म्हणजे वाद जिवंत आहे आणि तुम्ही तो घालताय ह्यात चूक काहीच नाही. फक्त एक दुरुस्ती, योजना अगदी सरसकट नाही, बाई किंवा तिचा नवरा इन्कम टॅक्स भरत असेल किंवा जीएसटी रिटर्न भरत असेल तर गृहलक्ष्मी मिळत नाही.

"क्षमतेच्या मर्यादेत" हे शब्द मात्र मला दोन्ही बाजूंनी वाचावेसे वाटतात. क्षमता नसेल तर देऊ नका, बरं. पण क्षमता वाढली की देणंही वाढलं पाहिजे ना? केंद्राच्या म्हातारपणाच्या पेन्शनचं बघा. १९९५ ला ७५ रुपयांनी सुरू झाली, पुढं केंद्राचा वाटा २०० रुपये झाला, ८० च्या पुढच्यांना २०११ पासनं ५००, आणि ६० ते ७९ वाल्यांचे ते २०० आजतागायत २०० च आहेत. राज्यं आपल्या पदरची भर घालतात म्हणून म्हाताऱ्यांच्या हातात जरा बरा आकडा पडतो. एवढ्या वर्षांत देशाची क्षमता वाढली नाही असं कोण म्हणेल?

आणि बसवरनं आठवलं. कर्नाटकानं १९७६ ला खाजगी कंत्राटी बसगाड्या कायद्यानं ताब्यात घेतल्या होत्या, १९७७ च्या रंगनाथ रेड्डी खटल्यात सुप्रीम कोर्टानं तो कायदा टिकवला. त्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर ह्यांनी लिहिलं की कलम ३९ च्या (ख) खंडातल्या समाजाच्या भौतिक साधनांमध्ये (ती सगळ्यांच्या भल्यासाठी वाटली जावीत असं तो खंड म्हणतो) खाजगी मालमत्ताही येते. नोव्हेंबर २०२४ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठानं बहुमतानं सांगितलं की सगळीच खाजगी मालमत्ता त्यात धरता येणार नाही, ती वस्तू काय आहे, किती दुर्मीळ आहे, समाजावर तिचा काय परिणाम होतो हे बघून ठरवावं लागेल. परीक्षेला विचारतील हे, लिहून ठेव.

खानापूरचे_गुरुजी

मराठी शाळेत आयुष्य गेलं, आता निवृत्त आहे. पोरांनो, चर्चा चांगली चाललीय, दोन गोष्टी घालतो.

पहिली, हे सगळं १९५० ला अचानक आलं असं सभेत सांगू नको. आपल्या शेजारच्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०२ ला मागासांसाठी ५० टक्के जागा राखल्या, १९१७ ला प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. १९३१ च्या कराची काँग्रेसच्या ठरावात पुरेसं वेतन, कामाचे मर्यादित तास, म्हातारपण आणि आजारपणापासनं संरक्षण, बाळंतपणाची रजा हे सगळं आलेलं आहे. घटनेचा चौथा भाग वाचताना तो ठराव शेजारी ठेवून वाच, कुठली कलमं कुठनं आली ते तुला आपोआप दिसेल.

आणि कूळकायदा विसरू नका रे. १९७४ च्या दुरुस्तीनंतर मुख्यमंत्री देवराज अर्स ह्यांच्या काळात कुळांनी लँड ट्रिब्युनलकडं फॉर्म नंबर ७ भरला आणि कसणाऱ्याच्या नावावर जमीन झाली. आमच्या भागात अजून म्हातारी माणसं त्या फॉर्मची नक्कल उताऱ्याबरोबर पेटीत जपून ठेवतात. कलम ३९ म्हणजे काय हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही.

दुसरी गोष्ट माझ्या जिव्हाळ्याची. कल्याणकारी राज्य म्हटलं की सगळे चौथा भाग उघडतात, मी कलम ३५० आणि ३५०-क पण उघडतो. ३५०-क हे १९५६ च्या सातव्या दुरुस्तीनं आलं, राज्य पुनर्रचनेच्या बरोबरच, म्हणजे आपण ज्या वर्षी मुंबई राज्यातनं म्हैसूर राज्यात गेलो त्याच वर्षी. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतनं शिकायची सोय करा असं ते राज्याला सांगतं. ३५०-ख खाली भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी आहे, त्यांचं प्रादेशिक कार्यालय एके काळी बेळगावातच होतं. जिथं भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के किंवा जास्त आहेत तिथं महत्त्वाच्या सूचना आणि नियम त्यांच्या भाषेत द्यावेत असं केंद्र आणि राज्यांच्या पातळीवर ठरलेलं आहे. कन्नड शिकायला माझा कधीच विरोध नव्हता, माझी नातवंडं फाडफाड कन्नड बोलतात आणि मला त्याचा आनंद आहे. पण साठ-सत्तरीच्या बाईला फॉर्मवर काय लिहिलंय तेच कळत नसेल, ती दुसऱ्याच्या सांगण्यावरनं अंगठा लावत असेल, तर ४१ वं कलम तिच्यापर्यंत कसं पोचणार? योजनेइतकंच ती कुठल्या भाषेतनं येते हेही कल्याणात मोजलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

उचगावकडचा

गुरुजी, नमस्कार. निपाणीच्या ताई, तुमच्या आईंबद्दल सभेत सांगितलं तर चालेल काय, नाव-गाव न घेता?

गुरुजींनी भाषेचं काढलं म्हणून आणखी एक विचारतो. आमच्या आळीतल्या एका आजीनं म्हातारपणाच्या पेन्शनसाठी मराठीत अर्ज लिहून नेला होता, एका ऑफिसात तो घेतलाच नाही, कन्नडमध्ये लिहून आणा म्हणून परत पाठवलं. मग एका दुकानातनं पैसे देऊन लिहून घेतला, दिला, पण पावती काही मिळाली नाही आणि अजून पेन्शनचा पत्ता नाही. अशा वेळी काय करायचं? सभेत ती आजी नक्की येणार आणि मला हेच विचारणार.

निपाणीची

चालेल की. आई खूश होईल.

कोर्टगल्ली

आजीचं काम सभेच्या आधीच करून टाकू.

कलम ३५० प्रमाणं कुठल्याही गाऱ्हाण्याच्या निवारणासाठी केंद्राच्या किंवा राज्याच्या अधिकाऱ्याकडं त्या राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत निवेदन द्यायचा हक्क प्रत्येकाला आहे. त्यामुळं मराठीत लिहिलंय म्हणून घेणारच नाही असं म्हणता येत नाही. उत्तर मराठीतनंच द्या असं मात्र कलमात नाही, आणि ठरलेला छापील फॉर्म असेल तर तो भरावा लागेल. म्हणून फॉर्म कन्नडमध्ये भरून घे, पण सोबत "माझा आधीचा अर्ज घेतला नाही, पावती दिली नाही" अशी तक्रार आजीच्या नावानं मराठीत जोड, खाली कलम ३५० चा उल्लेख कर.

पावतीचं जास्त महत्त्वाचं. कर्नाटकात २०११ चा सकाल कायदा आहे, त्यातल्या सेवांना मुदत ठरवून दिलीय. अर्ज दिला की पोच मिळालीच पाहिजे, तिच्यावर जीएससी नंबर असतो, त्या नंबरवर अर्ज कुठं अडकलाय ते बघता येतं. मुदतीत काम झालं नाही तर वरच्या अधिकाऱ्याकडं अपील करता येतं आणि उशिराबद्दल दिवसाला २० रुपये, जास्तीत जास्त ५०० पर्यंत भरपाई मागता येते. रक्कम छोटी आहे पण ती चुकणाऱ्या अधिकाऱ्याच्या पगारातनं कापायची तरतूद आहे, म्हणून नंबर हातात असलेल्या माणसाचं काम हलतं. नंबर नसला की तुमचा अर्ज होता ह्याचाच पुरावा नाही. आजीचा अर्ज परत नाडकचेरीत, म्हणजे होबळीच्या महसूल ऑफिसात, द्यायला लाव आणि नंबर घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

तरी अडलं तर तालुका कायदा सेवा समितीकडं या, कोर्टाच्या आवारातच असते. कलम ३९-क, मोफत कायदेशीर मदत, तेही ह्याच चौथ्या भागातलं, आणि १९८७ च्या कायद्यानं ते प्रत्यक्षात आणलं. बाईला उत्पन्नाची अट नाही, वकील फुकट मिळतो. आजीचं आधार, रेशनकार्ड, बँक पासबुक आणि वयाचा दाखला ह्यांच्या झेरॉक्स घेऊन सोमवारी सकाळी ये, मी तिथंच असतो.